विंचवाचे बिऱ्हाड आणि रांजणगावची मोटार

पुण्याहून शिरूरकडे निघालेल्या प्रवाशाला रांजणगाव म्हटले की महागणपती आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच रस्त्यालगत जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिने या गावाला दुसरीही एक ओळख दिली आहे. फियाटचा कारखाना येथे आला, पुढे त्यात टाटा मोटर्सची भागीदारी झाली, आणि लिनिया, पुंटो या गाड्या येथून बाहेर पडू लागल्या. १.३ लिटरचे जे मल्टिजेट डिझेल इंजिन निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसून देशभर धावले, तेही येथे तयार होत असे. २०१५ च्या ऑक्टोबरात याच कारखान्याने एक आगळी गाडी बाजारात आणली. तिचे नाव अबार्थ पुंटो. अवघ्या १,३६८ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, त्याला टर्बोची जोड, आणि अश्वशक्ती १४५! काटेकोर बोलणारे तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणावयाचे नाहीत, कारण अंगाने ती साधी कुटुंबवत्सल गाडीच होती. पण दहा लाखांच्या आतबाहेर किंमत असलेल्या गाडीत एवढी ताकद आपल्याकडे त्यापूर्वी क्वचितच कोणी दिली होती.

या गाडीच्या नाकावर विंचवाचे चिन्ह असे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण तिला इतक्या लवकर लागू पडेल असे तेव्हा कोणास वाटले नसावे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी इंजिने नव्याने घडविण्याचा खर्च फियाटने या बाजारासाठी केला नाही, आणि ते नाव भारतातील विक्रीच्या यादीतून नाहीसे झाले. कारखाना बंद पडला नाही, हे सुदैव. तेथे जीप कंपास तयार होऊ लागली होती. पण बिऱ्हाड उठले आणि गाड्या मागे राहिल्या. अबार्थ पुंटोला आता दहा वर्षे होऊन गेली. त्याच इंजिनाचे ११४ अश्वशक्तीचे रूप घेऊन २०१० मध्ये आलेल्या टी-जेट लिनियाला तर पंधरा. या गाड्या जिवापाड सांभाळणारे मालक आहेत आणि त्यांतील पुष्कळांना गाडी केवळ चालती ठेवून समाधान नाही. तिच्या इंजिनातून आणखी ताकद काढावी अशी त्यांची इच्छा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही इच्छा आणि तिच्याकडे पाहण्याची आपल्या कायद्याची रीत हा आहे.

हौशी लोकांचा हा खेळ. त्याला अग्रलेखाच्या पानावर जागा कशाला, असे कोणी विचारील. त्याला एक उत्तर असे की, अबार्थ हे नावच मुळी अशा हौसेतून जन्मले आहे. व्हिएन्नात १९०८ साली जन्मलेले कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत आपला व्यवसाय थाटला, तो सामान्य माणसाच्या फियाटला अधिक वेगवान करण्याचा. त्यांचे सायलेन्सर युरोपभर गाजले, आणि इंजिनाची ताकद वाढविणाऱ्या सुट्या भागांचे संच ते विकत. विंचू ही त्यांची जन्मरास. १९७१ मध्ये खुद्द फियाटने हा व्यवसाय विकत घेतला. म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनात हात घालणाऱ्या एका कारागिराचे नाव पुढे मूळ कंपनीने अभिमानाने आपल्या गाडीवर लावले, आणि ती गाडी आपल्या शिरूर तालुक्यात जुळविली गेली. इकडे तेच काम कोणी गॅरेजमध्ये करील तर कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार ठरू शकतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम असे सांगते की, निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाहून नोंदणीपत्रकातील तपशील वेगळा पडेल असा कोणताही बदल मालकाने गाडीत करता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. हेतूविषयी वाद नाही. कर्णकर्कश सायलेन्सर लावून शाळेवरून गाडी दामटणाऱ्यांचा ज्यांनी अनुभव घेतला आहे, त्या शिक्षकांना तर ही शिक्षा कमीच वाटेल. परंतु कायदा कोणाला पकडतो आणि कोणाला सोडून देतो, हे पाहिले की मन साशंक होते.

आजच्या इंजिनाची ताकद वाढविण्यासाठी पाना हातात घ्यावाच लागतो असे नाही. किती इंधन सोडावयाचे, ठिणगी केव्हा टाकावयाची, टर्बोने हवा किती दाबावयाची, हे सारे गाडीतला एक छोटा संगणक ठरवितो. त्यातील आकड्यांचा तक्ता पुसून दुसरा भरावयाचा, यालाच 'रीमॅप' म्हणतात. जाणकाराला त्यास काही तास पुरतात. नंतर बॉनेट उघडून पाहिले तर काहीही बदललेले दिसत नाही. रस्त्यावरच्या पोलिसाला ते कळणे शक्य नाही. धुराची तपासणी गाडी जागच्या जागी उभी ठेवून होते. टर्बो जेव्हा खऱ्या अर्थाने कामाला लागतो ती भरधाव स्थिती त्या तपासणीत येतच नाही. याउलट, ज्या सावध मालकाने ताकद वाढविण्यापूर्वी मोठे ब्रेक, रुंद टायर आणि चांगल्या स्प्रिंगा बसविल्या, त्याचे बदल मात्र चार हातांवरून नजरेत भरतात. म्हणजे ताकद वाढवून ब्रेक तसेच ठेवणारा अविचारी मनुष्य सुरक्षित, आणि आधी थांबण्याची सोय पाहणारा शहाणा मनुष्य दंडास पात्र! कायद्याने उत्तेजन नेमके कशाला दिले, याचा विचार व्हावयास हवा.

येथे इंजिनाची थोडी अंतर्गत हकीकत सांगणे भाग आहे. विद्यार्थी वाचकांना ती आवडेल अशी आशा आहे. टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया न घालविता त्याने एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून ताकद अधिक. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थराचा. धुराच्या बाजूचे तापमान ९०० अंशांपर्यंत चढते. अशी धावपळ करून आलेली गाडी क्षणभरही न थांबता बंद केली, की ते तेल जागीच करपते. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत किती वेळा असे घडले असेल, याची नोंद कोणत्याही वहीत सापडावयाची नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली की ती तापते, हे सायकलचा पंप वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मे महिन्यात दौंड किंवा कुरकुंभला हवा चाळीस अंशांची असताना ती दुप्पट दाबाला आणली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती शंभर अंशांच्या पलीकडे गेलेली असते. तिला थंड करण्यासाठी पुढे इंटरकूलर असतो. पण तो भर उन्हातली तीच हवा घेऊन काम करणार, आणि त्याच्या जाळीत पंधरा वर्षांची धूळ असेल तर त्याचे कामही तेवढेच. हवा फार तापलेली राहिली की पेट्रोल ठिणगीने रीतसर पेटावयाच्या ऐवजी सिलिंडरच्या कोपऱ्यात आपणहून भडकते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. पिस्टनला भोक पडण्यास यासारखे दुसरे साधन नाही. परदेशातील थंड हवेत आणि उत्तम पेट्रोलवर बेतलेला तक्ता जशाचा तसा उचलून सोलापूर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत भरणारे महाभाग आहेत. डिसेंबरच्या पहाटे ती गाडी अप्रतिम धावते. मालक खूश होतो, मित्रांना सांगतो, आणि उन्हाळा यावयाचा असतो.

मूळ कारखानदाराने ही गोष्ट कशी हाताळली, ते पाहण्यासारखे आहे. लिनियात ११४ असलेली ताकद अबार्थमध्ये १४५ झाली. परंतु टॉर्क, म्हणजे चाके फिरविणारा पीळ, २०७ वरून केवळ २१२ न्यूटन मीटरवर गेला. हा कंजूषपणा नव्हे. गिअरपेटी आणि क्लच मोडतात ते या पिळाने. तेव्हा पीळ जवळजवळ तेवढाच ठेवून तो अधिक फेऱ्यांपर्यंत टिकविला, की यंत्राच्या हाडांवर भलता भार न टाकता ताकद वाढते. जोडीला गाडी जमिनीजवळ आणली आणि स्प्रिंगा कडक केल्या. उलट, बाजारात विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा रीमॅपची जाहिरात असते ती कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या दणकट पिळाची, कारण गिऱ्हाइकाच्या पाठीला जाणवतो तोच. त्याची किंमत जुनी क्लच-प्लेट आणि जुन्या गिअरपेटीचे दाते मोजतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, जुन्या टर्बो गाडीची ताकद वाढविण्याच्या कामाचा तीन-चतुर्थांश भाग हा ताकद वाढविण्याचा नसतोच. आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चालला एवढेच न पाहता किती वर्षांचा झाला ते पाहावे, कारण रबराला वय असते. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्यांतून हवा गळते का, दांड्याला खेळ आला आहे का, इंजेक्टर चारही सारखे इंधन सोडतात का, रेडिएटर आतून साफ आहे का, हे सारे झाल्यावर असे आढळते की, गाडीची हरवलेली ताकद पुष्कळशी परत आली आहे. कंपनीने दिलेले १४५ घोडे दहा वर्षांनी १४५ उरलेले नसतात, आणि ज्याला आपण वाढ समजतो ती कित्येकदा केवळ थकबाकीची वसुली असते. जो मिस्त्री यातले काहीही न तपासता थेट संगणकाला तार जोडतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये, मग त्याचे दुकान पुण्यात कितीही झगमगीत असो.

आता एका अशा बदलाकडे वळू, की जो कोणा हौशी मालकाने केलेला नाही. शिरूर आणि दौंड हे तालुके उसाचे. साखरधंद्याला तारण्यासाठी आणि परकीय तेलाचा खर्च कमी करण्यासाठी सरकारने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०२५ मध्ये ते देशभर प्रत्यक्षात आले. येथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे धोरण हिताचे आहे, आणि त्यावर सरसकट टीका करण्याचे मला कारण दिसत नाही. इथेनॉलचा एक गुण तर टर्बो इंजिनाला मानवणाराच आहे: ते नॉकिंगला चांगला विरोध करते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते जळण्यास हवाही कमी लागते. साहजिकच तेवढ्याच हवेला हे मिश्रण अधिक प्रमाणात सोडावे लागते. संथ चालीत गाडीचा सेन्सर ही उणीव ओळखून भरून काढतो. पूर्ण जोर देताना मात्र इंजिन बव्हंशी जुन्या तक्त्यावर विसंबते, आणि तो तक्ता २०१५ च्या किंवा २०१० च्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. जुन्या रबरी नळ्यांचा प्रश्न आणखी निराळा.

थोडक्यात, गाडी तीच राहिली आणि इंधन बदलले. गाडीचा निर्माता नवा तक्ता देण्यासाठी बाजारात उरलेला नाही. मग तो तक्ता नव्या इंधनाला अनुरूप करून घेणे हा शहाणपणा की अपराध? या प्रश्नाचे सरळ उत्तर आज कोणीही देत नाही. दौंड-शिरूरच्या उसाचे इथेनॉल रांजणगावात जुळविलेल्या गाडीच्या टाकीत पडते, आणि दोहोंचा मेळ घालणारा कारागीर मात्र लपूनछपून काम करतो!

वेगाच्या नावाने कोणाच्या मनात भीती असेल तर ती अनाठायी नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, तेव्हा वेगवान गाड्यांविषयी जो संताप उसळला तो रास्तच होता. पण ती गाडी विजेवर चालणारी होती; टर्बोचा किंवा रीमॅपचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. आज कारखान्यातूनच शेकडो अश्वशक्तीच्या गाड्या उजळ माथ्याने रस्त्यावर येतात आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला त्या मिळतात. हप्त्यावर जुनी लिनिया घेणाऱ्या शिक्षकाच्या मुलाने त्याच रस्त्यावर वीस घोडे वाढविले तर तेवढ्याने जग बुडते, हे मला पटत नाही. त्याने ते घोडे चौफुल्याच्या बाजारपेठेत उधळले तर त्याला जरूर पकडावे. पण तो गुन्हा वाहन चालविण्याचा आहे, इंजिनाचा नाही.

मार्ग नाही असे नाही. तो आपल्या कायद्यातच आहे. त्याच ५२ व्या कलमात एक सवलत आहे: गाडी वेगळ्या इंधनावर चालविण्यासाठी संच बसवावयाचा असेल, तर ठरवून दिलेल्या अटींवर तो बदल करता येतो. याच आधारे पेट्रोलच्या गाड्यांना सीएनजीचे संच बसतात. संच मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असतो, बसविणारा अधिकृत असतो, आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालय नोंदणीपत्रकात करते. सिलिंडरभर ज्वालाग्राही वायू गाडीच्या मागच्या भागात बसविण्यासारखी जोखमीची गोष्ट आपण तपासून, नोंदवून, कायदेशीर करू शकलो. मग ब्रेकचा, इंटरकूलरचा किंवा संगणकातील तक्त्याचा संच तपासून का मान्य करता येऊ नये? जर्मनीत असे बदल तपासनिसाकडून मंजूर करून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदविण्याची पद्धत आहे, आणि तेथील लोक रस्त्यावरच्या शिस्तीत आपल्यापेक्षा ढिले आहेत असे कोणी म्हणणार नाही. तपासणीसाठी आपल्याला परदेशी जाण्याचीही गरज नाही. मोटारउद्योगाची संशोधन संस्था, 'एआरएआय', १९६६ पासून पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे.

यात अट एकच पण पक्की असावी: ताकदीच्या वाढीला परवानगी ब्रेक, टायर आणि धूर यांच्या तपासणीनंतरच, आणि तीही भाराखाली, म्हणजे रोलरवर गाडी पळवून. वाढीची मर्यादा त्या त्या इंजिनासाठी ठरवून द्यावी. १४५ ची २०० करण्याच्या हट्टाला नकार द्यावाच लागेल. विमा कंपनीलाही ती नोंद कळावी आणि तिने त्याप्रमाणे हप्ता घ्यावा. आज अनेक मालक बदल लपवितात आणि अपघातानंतर दावा नाकारला गेला की कपाळाला हात लावतात.

या व्यवस्थेचा एक लाभ गाडीच्या मालकापेक्षा आमच्या मुलांना अधिक होईल. रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारी मुले हुशार आहेत. पण जुळवणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या तरुणाच्या वाट्याला इंजिनाचा एखादाच भाग येतो, तोही नवा कोरा. पंधरा वर्षे चाललेले इंजिन उघडून, ते का थकले याचा माग काढणे ही वेगळी विद्या आहे. मुंबईत आणि पुण्यात 'डुक्कर फियाट' आणि प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांनी ती हाताने आणि कानाने मिळविली होती. टर्बो आणि संगणकाच्या काळात केवळ कान पुरत नाही. मापे घ्यावी लागतात, आलेख वाचावे लागतात, हवेचे तापमान आणि दाब यांचे गणित करावे लागते. बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकविलेला वायूंचा नियम इंटरकूलरमध्ये प्रत्यक्ष दिसतो, हे किती विद्यार्थ्यांना आपण दाखविले? तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक जुने टी-जेट इंजिन आणि मोजमापाची साधने ठेवली, तर हे शिक्षण उजळपणे देता येईल. पण जे काम उघडपणे करता येत नाही ते उघडपणे शिकविताही येत नाही.

यास विलंब लावण्याजोगा वेळही फारसा उरलेला नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २०१० साली नोंदलेल्या टी-जेट लिनियांची ती मुदत २०२५ मध्ये भरली. पुढची पाच वर्षे गाडी चालवावयाची तर तिला तपासणीसाठी न्यावेच लागते. नवी व्यवस्था सुरू करण्यास याहून सोयीचे ठिकाण कोणते? आज मात्र दौंडचा मालक आपली गाडी घेऊन बारामतीच्या परिवहन कार्यालयात जाईल. तेथे दिवे पाहतील, ब्रेक पाहतील, चासीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतील. संगणकात कोणता तक्ता भरला आहे, हे त्याला कोणी विचारणार नाही, आणि तोही आपणहून सांगणार नाही.